शेऱ्याचा रकाना : खडेबाजारातील वहीपासून आलेखापर्यंत

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी खडेबाजारातून एक फेरफटका मारण्याचा आमचा परिपाठ सेवानिवृत्तीनंतरही सुटलेला नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री पूजलेल्या वह्या अजून गादीवर असतात, त्यांवरचे कुंकू ओले असते आणि ओळखीचा दुकानदार हातावर पेढा ठेवून दोन घटका बसवून घेतो. अलीकडे त्या लाल कापडी बांधणीच्या वह्यांची संख्या रोडावली आहे. पुष्कळ दुकानांत पूजेपुरती एक वही आणतात, तिच्या पहिल्या पानावर श्री काढतात आणि वर्षभराचा खरा हिशेब संगणकात ठेवतात. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून तर त्यावाचून गत्यंतरही राहिलेले नाही.

२०२३ सालच्या पाडव्याला आमच्या पूर्वपरिचित अशा एका कापड दुकानदारांनी आपला मोबाईल आमच्या हाती दिला. त्यांचे चिरंजीव बेंगळुरूस नोकरीला असतात. त्यांनी दुकानाच्या हिशेबावरून दोन चित्रे काढून पाठविली होती. एक बारा रंगांच्या बारा फाकांचे वर्तुळ होते आणि दुसरे दोन उंच-ठेंगण्या स्तंभांचे. गेल्या वर्षीचा ऑक्टोबर उंच होता, यंदाचा ऑक्टोबर त्याच्या निम्म्यालाही पोचत नव्हता. खाली मुलाने लिहिले होते की विक्री घसरली आहे, तेव्हा माणसे कमी करावीत. माणसे म्हणजे मुख्यतः एकच. दुकानदारांच्या वडिलांच्या काळापासून गादीवर असलेले एक वृद्ध विक्रेते.

"दिवाळी यंदा पुढे गेली, हे मला कळतंय हो," दुकानदार म्हणाले, "पण चित्रात ते दिसत नाही. आणि चित्रापुढं बोलायचं कसं?"

त्या प्रश्नाने प्रस्तुत लेखास निमित्त मिळाले. व्यापाराच्या आकड्यांना रूप देणे, म्हणजे त्यांची कोष्टके, आलेख, नकाशे करणे, हा विषय आजकाल संगणकशास्त्राच्या खात्यावर टाकला जातो. वस्तुतः तो फार जुना आहे आणि आपल्या या सीमाभागाच्या इतिहासाशी त्याचा निकटचा संबंध आहे. तो संबंध वाचकांस दाखवावा, एवढाच आमचा हेतू.

तीन वह्या, तीन प्रश्न

आमचे बालपण खडेबाजाराच्या आसपास गेले. काकांच्या दुकानात एक दिवाणजी होते. धोतर, काळी टोपी, कानावर टाक. त्यांचे मोडी अक्षर इतके वेगवान होते की कागदावरून टाक उचलला जातो की नाही, याची आम्हा मुलांना शंका येई. एकदा आम्ही त्यांना विचारले, "आपले दुकान बरे चालले आहे, हे कुठल्या वहीत लिहिलेले असते?"

दिवाणजी हसले. "बाळ, हे कुठल्याच वहीत लिहिलेलं नसतं. तुला काय विचारायचंय ते आधी ठरव, मग वही सांगतो."

त्या वेळी हे उत्तर आम्हांस टाळाटाळीचे वाटले. पुढे नोकरीत तीस-बत्तीस वर्षे आकड्यांच्या सहवासात काढल्यावर त्याचे मोल कळले. काल गल्ल्यात काय आले, काय गेले, हा प्रश्न असेल तर रोजकीर्द उघडावी. तिथे व्यवहार काळाच्या क्रमाने ओळीने उभे असतात. अमुक गावच्या गिऱ्हाइकाकडून येणे किती, हा प्रश्न असेल तर खतावणी. तिथे तेच व्यवहार माणसामाणसाच्या नावाखाली जाऊन बसतात, जमा एका अंगाला आणि नावे दुसऱ्या अंगाला. वर्षअखेरीस दुकान वाढले की खंगले, हा प्रश्न असेल तर तेरीज जुळवून केलेला ताळेबंद. एकच पाच रुपयांची रक्कम तिन्ही ठिकाणी येते. रक्कम बदलत नाही, तिची बसण्याची जागा बदलते आणि जागा बदलताच ती वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देऊ लागते.

ही पद्धत काही पेठेपुरती नव्हती. मराठी राज्याच्या दफ्तरातही रोजकीर्द, खतावणी आणि ताळेबंद ही परंपरा होती. पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी रुमाल हे तिचे साक्षीदार आहेत. फडणीस हे पद मुळात हिशेबाचे. राज्याचा कारभार ज्याच्या हाती एकवटला त्या नाना फडणीसांच्या आडनावातच दफ्तर आहे. तेव्हा आकड्यांची मांडणी प्रश्नाप्रमाणे बदलावी, हे तत्त्व आपल्याकडे परदेशांतून आलेले नाही. बाहेरून आले ते एवढेच की आकड्याच्या जागी रेघ काढावी.

नाण्यांचे ढीग

ती रेघ काढणारा गृहस्थ विल्यम प्लेफेअर नावाचा स्कॉटिश माणूस. जन्म १७५९ चा. वाफेच्या यंत्राचा सुधारक जेम्स वॉट याच्याकडे तो काही काळ आरेखक होता. १७८६ साली त्याने इंग्लंडच्या व्यापाराचा एक चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. त्यात ४४ आलेख होते. आडव्या अंगावर वर्षे, उभ्या अंगावर रक्कम, आयातीची एक रेघ आणि निर्यातीची दुसरी. दोन रेघांमधली जागा म्हणजे व्यापारातील शिल्लक किंवा तूट. त्याच १७८६ साली इकडे नाना फडणीसांच्या कारभारात मराठी फौजा कर्नाटकात टिपूविरुद्धच्या मोहिमेत गुंतल्या होत्या, हे स्मरणात ठेवले म्हणजे काळाची कल्पना येते.

या ४४ आलेखांपैकी ४३ कालक्रमाचे होते. उरलेला एकच निराळा होता आणि त्याची कथा मोठी बोधप्रद आहे. स्कॉटलंडच्या व्यापाराचे वर्षावर्षांचे आकडे प्लेफेअरला मिळाले नाहीत. १७८०-८१ या एकाच वर्षाचे, सतरा देशांशी झालेल्या व्यापाराचे आकडे हाती होते. एका वर्षाला रेघ कशी काढणार? म्हणून त्याने प्रत्येक देशासमोर आयात-निर्यातीच्या पट्ट्या काढल्या. आज ज्याला आपण स्तंभालेख म्हणतो, तो असा अडचणीतून जन्मला. प्लेफेअर स्वतः त्यावर फारसा खूश नव्हता, कारण त्यात काळ दिसत नव्हता. वर्तुळाच्या फाका करून हिस्से दाखविण्याची युक्तीही त्याचीच, १८०१ च्या पुस्तकातली. तुर्की साम्राज्याचा विस्तार युरोप, आशिया व आफ्रिका या तीन खंडांत कसा विभागला आहे, हे त्याने त्यात दाखविले. तीन खंड, तीन फाका. बारा नव्हेत!

आपल्या पद्धतीचे समर्थन करताना प्लेफेअरने एक दाखला दिला आहे. एखाद्या व्यापाऱ्याने रोज संध्याकाळी त्या दिवशीच्या गिन्यांचा एकावर एक ढीग रचला, तर ढिगांच्या उंचीवरून दिवसांची तुलना आपोआप होईल. आलेख म्हणजे असे ढीग कागदावर रचणे, असा त्याचा आशय. हे वाचताना आमच्या डोळ्यांसमोर काकांचे दुकान उभे राहिले. दिवे लागल्यावर फळी ओढून घेत, गल्ला उपडा करायचा आणि आणे-पावल्या-रुपयांचे सारख्या उंचीचे ढीग रचायचे, हे काम आम्हा मुलांकडे असे. एखादा ढीग बुटका राहिला की काका न मोजता ओळखीत. लंडनमधील त्या पुस्तकाचा लेखक आणि खडेबाजारातील दुकानदार यांना एकाच गोष्टीवर विसंबावे लागले. डोळा उंचीतला फरक अंक वाचण्यापूर्वीच टिपतो.

दक्षिण महाराष्ट्र देशातील आकृत्या

इंग्रजी अंमलात बेळगाव १८१८ साली आले आणि १८३६ साली धारवाडपासून वेगळा असा जिल्हा झाला. त्याच १८३६ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी जमीन पाहणीची नवी पद्धत सुरू केली. तीच पुढे दक्षिण महाराष्ट्र देशात, म्हणजे धारवाड-बेळगावच्या मुलखात, विंगेटच्या देखरेखीखाली आली. आधीची आकारणी इतकी जबर होती की लागवड ओसरत चालली होती. नवा सारा ठरवावा कसा, हा प्रश्न होता.

विंगेट प्रभृतींनी १८४७ साली सादर केलेला संयुक्त अहवाल मुंबई इलाख्यातील जमीन महसुलाचा पायाच मानला जातो. त्यातील एक विचार आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. एखाद्या तालुक्याची आकारणी ठरविण्यापूर्वी मागील अनेक वर्षांची आकारणी, लागवड आणि वसुली ही एकत्र अशी मांडावी की एकीचा दुसरीवर काय परिणाम झाला ते दिसावे, आणि त्यासाठी आकड्यांच्या आकृत्या काढाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. आकारणी चढते, दोन-तीन वर्षांत लागवड उतरते, पाठोपाठ वसुलीही उतरते, ही साखळी कोष्टकाच्या रकान्यांतून हुडकावी लागते. तीन रेघा एका कागदावर आल्या की ती लपत नाही. रयतेवर बोजा किती टाकावा, हा प्रश्न निदान अंशतः तरी आलेखावर ठरला, तो आपल्या या मुलखात. महसूल खात्यात उमेदवारी केलेल्या आमच्यासारख्यांस हे शिकविले गेले नाही, याची खंत वाटते.

रेघेची हीच शक्ती व्यापारातही पडताळता येते. मुंबई सरकारने बेळगाव जिल्ह्याचे गॅझेटियर १८८४ साली प्रसिद्ध केले. त्या काळात जिल्ह्याच्या व्यापाराचे तोंड वेंगुर्ल्याकडे होते. घाटावरचा माल बैलगाड्यांनी आंबोलीमार्गे बंदरात उतरे आणि कोकणातून नारळ, मीठ, मासळी वर येई. वाचकांपैकी कित्येकांचे पूर्वज याच वाटेने घाट चढून इथे आले. पुढे १८८० च्या दशकाच्या अखेरीस सदर्न मराठा रेल्वे बेळगावला पोचली, लोंढ्यावरून मुरगाव बंदर जोडले गेले, आणि वेंगुर्ल्याची वाट हळूहळू ओस पडली. त्या वेळी एखाद्या पेढीने गाड्यांनी आलेल्या आणि आगगाडीने आलेल्या मालाच्या दोन रेघा काढल्या असत्या, तर त्या एकमेकींना जिथे छेदतात ते वर्ष तिला दिसले असते. ताळेबंदात ते दिसण्यासारखे नव्हते. एकूण माल तेवढाच किंवा अधिकच होता, फक्त वाट बदलली होती. ज्यांनी ओळखले त्यांनी वखारी स्टेशनाकडे नेल्या.

शिलकीचा अर्थ

आकडे खरे असूनही त्यांची मांडणी दिशाभूल करू शकते, याचे उत्तम उदाहरण गोपाळ कृष्ण गोखले यांनी घालून दिले. गोखल्यांचे बालपण कागलला गेले, म्हणजे निपाणीच्या अगदी शेजारी. २६ मार्च १९०२ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांनी अंदाजपत्रकावर जे भाषण केले, ते आजही अभ्यासिले जाते. सरकार म्हणत होते की वर्षामागून वर्ष शिल्लक पडते आहे, अर्थी देश सुस्थितीत आहे. दुष्काळ आणि प्लेग यांनी देश होरपळत असता ही शिल्लक आली कोठून?

गोखल्यांनी सरकारचे आकडे खोटे म्हटले नाहीत. त्यांनी ते दुसऱ्या रकान्यांत बसविले. रुपयाची विलायती किंमत १३ पेन्सांच्या आसपास घसरली होती, ती कृत्रिमरीत्या १६ पेन्सांवर नेण्यात आली. त्यामुळे विलायतेस पाठवावयाच्या रकमेसाठी रुपये कमी लागू लागले. मात्र रुपया घसरला होता तेव्हा लादलेले वाढीव कर तसेच राहिले. शिल्लक जनतेच्या भरभराटीतून नव्हे, तर या दोहोंतून आली होती, असे त्यांनी दाखविले. आकड्यांच्या या तयारीत सोलापूरचे गणेश व्यंकटेश जोशी यांचे साहाय्य त्यांना होते. त्या भाषणात एकही आलेख नव्हता. तरीही नेमकी मांडणी निवडणे म्हणजे काय, याचा तो पाठच आहे. एक रेघ वर चढताना दिसली म्हणजे ती कोणाच्या खांद्यावर चढली आहे, हे विचारावे.

सरासरी आणि एकक

निपाणी हे विडीच्या तंबाखूचे नामांकित पीठ. मार्च १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली हजारो तंबाखू उत्पादक शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले, आणि एप्रिलमध्ये पोलीस गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले, हे या भागात कोणी विसरलेले नाही. आंदोलनाची चर्चा इथे करावयाची नाही. त्या वादातील एका शब्दाकडे मात्र लक्ष वेधावेसे वाटते. तो शब्द म्हणजे भाव.

तंबाखूचा भाव असा एक नसतोच. पानाची प्रत, चुरा, काडी, ओल यांप्रमाणे तो बदलतो. शिवाय बोललेला भाव एक आणि घट, सूट, तोलाई वजा जाता, कित्येक महिन्यांनी, शेतकऱ्याच्या पदरात पडणारा पैसा दुसरा. आता कोणी या साऱ्याची सरासरी काढून वर्षावर्षांचा एक सुबक आलेख काढला, तर तो चुकीचा ठरणार नाही आणि उपयोगाचाही ठरणार नाही. उत्तम प्रतीचा माल थोड्यांनी चढ्या भावाने विकला आणि हलका माल पुष्कळांनी पडत्या भावाने, तर सरासरी मध्ये कुठेतरी निवांत बसते. तिथे खरा शेतकरी एकही नसतो. अशा ठिकाणी प्रत्येक व्यवहाराचा एक ठिपका काढावा. ठिपक्यांचे दोन घोळके दिसले की सरासरीची रेघ त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून गेलेली आहे, हे शाळकरी मुलालाही कळते. शरद जोशींचा सारा आग्रह उत्पादनखर्चाचा होता. आमच्या भाषेत सांगावयाचे तर भावाच्या रेघेशेजारी खर्चाची रेघ काढा, एवढीच ती मागणी.

सरासरीइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे एकक. याचे उदाहरण आपल्या घराघरात आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये अहवाल दिला. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. प्रश्नाच्या न्याय-अन्यायाचा खल या पत्रिकेच्या वाचकांस नवा नाही, तो आम्ही येथे करीत नाही. परंतु हा वाद मोठ्या प्रमाणात नकाशा रंगविण्याचा वाद आहे, हे ध्यानात घ्यावे. जनगणनेची भाषावार कोष्टके सर्वांसमोर एकच. ती तालुका हे एकक धरून रंगविली तर एक नकाशा होतो, गाव हे एकक धरून रंगविली तर दुसरा. महाराष्ट्राने खेडे हे घटक धरण्याचा आग्रह धरला तो यामुळेच. आंध्र आणि मद्रास यांच्या सीमेसाठी पाटसकरांनी हेच तत्त्व अवलंबिले होते. शिवाय निम्म्याहून एक टक्का अधिक असलेले गाव आणि शेकडा नव्वद असलेले गाव एकाच रंगात रंगविले की उरलेले एकोणपन्नास आणि उरलेले दहा, दोघेही नकाशावरून सारखेच पुसले जातात. मग ते मराठी असोत वा कानडी. ज्यांच्या तीन पिढ्या नकाशाच्या रंगाखाली गेल्या, त्यांनी तरी रंग भरणाऱ्याला एकक विचारल्यावाचून राहू नये.

आमच्या हातून घडलेली चूक

इथवर इतरांचे सांगितले. आता स्वतःचे सांगणे प्राप्त आहे.

सेवेच्या आरंभीच्या वर्षांत आम्ही एका जिल्हा पातळीवरील कार्यालयात होतो. दरमहा वसुलीची बैठक होई. तोवर चक्राकित केलेली लांबलचक कोष्टके बैठकीत वाटली जात आणि कोणी ती वाचीत नसे. आम्ही तरुण, पदवीधर, हौशी. आलेखाचा कागद आणला, रंगीत शाई आणली आणि तालुकावार वसुलीचे टक्के दाखविणारे स्तंभ काढून भिंतीवर लावले. सर्वच तालुके ऐंशीच्या वर होते. स्तंभ शून्यापासून काढले तर सारे सारखेच दिसतात, म्हणून आम्ही मोजपट्टी ऐंशीपासून सुरू केली. चित्र मोठे उठावदार झाले.

एका तालुक्याची वसुली ८८ टक्के होती, शेजारच्याची ८४. कागदावर दुसरा स्तंभ पहिल्याच्या बरोबर निम्मा आला. वरिष्ठांनी भिंतीकडे पाहिले आणि त्या तालुक्याच्या प्रमुखांस, जे वयाने आम्हांहून पंचवीस वर्षांनी मोठे आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते, सर्वांसमक्ष उभे करून वाटेल ते बोलले. ते गृहस्थ मान खाली घालून उभे राहिले. कोष्टकात त्यांच्या तालुक्यासमोर, अगदी शेवटच्या रकान्यात, शेरा होता : पाऊस नाही, पिके गेली. कोष्टकावरून आलेख काढताना तो शेरा आम्ही सोडून दिला होता, कारण आलेखात त्याला जागाच नव्हती.

बैठकीनंतर ते आमच्या टेबलापाशी आले. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेब, चार टक्क्यांनी कमी असलेला माणूस तुम्ही अर्धा करून दाखविलात."

पुढच्या महिन्यात आम्ही मोजपट्टी शून्यापासून घेतली आणि प्रत्येक स्तंभाच्या पायाशी बारीक अक्षरांत शेरा लिहिला. चित्राचा उठाव गेला. ते गृहस्थ तोवर दीर्घ रजेवर गेले होते आणि तेथूनच निवृत्त झाले. त्यांना तो दुसरा आलेख दाखविता आला नाही. चाळीस वर्षे होत आली, तरी ती खंत आहे.

कोणत्या प्रश्नाला कोणते चित्र

अनुभवाने आणि वाचनाने आमच्या मनाशी काही ठोकताळे बसले आहेत. दुकान, पतसंस्था वा देवस्थानचा हिशेब पाहणाऱ्या वाचकांस ते उपयोगी पडतील, अशी आशा आहे.

काळाबरोबर काय झाले, हा प्रश्न असेल तर रेघ काढावी. ही रोजकीर्दीची वंशज. रेघेची मोजपट्टी प्रसंगी शून्यापासून नसली तरी चालते, कारण तिथे डोळा उंची मोजीत नाही, चढउतार पाहतो. मात्र तसे केल्याचे स्पष्ट लिहावे. कोण अधिक, कोण उणे, हा प्रश्न असेल तर स्तंभ काढावेत. ते शून्यापासूनच उभे राहिले पाहिजेत आणि शक्य तर उतरत्या क्रमाने असावेत. नावे लांब असली तर आडव्या पट्ट्या बऱ्या. एकूणात कोणाचा वाटा किती, हे सांगावयाचे असेल तर वर्तुळाच्या फाका चालतील, पण तीन-चारांच्या वर नकोत. १९८४ साली क्लीव्हलँड व मॅकगिल या दोघा अमेरिकन संशोधकांनी माणसांवर प्रयोग करून दाखविले की एकाच मोजपट्टीवरची स्थाने माणूस बिनचूक ताडतो, कोन आणि क्षेत्रफळ ताडण्यात मात्र चुकतो. दोन गोष्टींचा परस्परसंबंध शोधावयाचा असेल तर ठिपके. कोठे, हा प्रश्न असेल तरच नकाशा, आणि तोही एकक सांगून. नक्की रक्कम हवी असेल, सही करावयाची असेल, कोणाचे देणे फेडावयाचे असेल, तर आलेखाच्या वाटेस जाऊच नये. तिथे खतावणीसारखे साधे कोष्टकच हवे.

आणि कोणतेही चित्र असो, त्यात शेऱ्याला जागा ठेवावी. आमच्या दिवाणजींच्या खतावणीत उधारीच्या रकमेसमोर दोन-तीन शब्द हमखास असत. पाऊस नाही. मुलीचे लग्न. सुगीनंतर देणार. त्या दोन शब्दांवर काका तगादा लावायचा की थांबायचे, हे ठरवीत. आकडा सर्वांना सारखाच वागवितो, हा त्याचा गुण आहे आणि त्याची उणीवही आहे. ती शेऱ्याने भरून निघते.

पुन्हा पाडवा

आता सुरुवातीच्या दुकानात परत येऊ. आम्ही दुकानदारांकडून मागील दोन वर्षांचे रोजच्या विक्रीचे आकडे मागितले आणि तिथेच, पूजेच्या कोऱ्या वहीशेजारी बसून, एका कागदावर दोन रेघा काढल्या. फरक इतकाच केला की इंग्रजी तारखा बाजूला ठेवून लक्ष्मीपूजनाचा दिवस दोन्ही वर्षांसाठी एकाच ठिकाणी धरला आणि तिथून मागे दिवस मोजले. २०२२ साली लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होते. २०२३ साली अधिक श्रावण आला आणि ते १२ नोव्हेंबरवर गेले. मुलाच्या आलेखात एका वर्षाच्या भरलेल्या दिवाळीची तुलना दुसऱ्या वर्षीच्या रिकाम्या पंधरवड्याशी झाली होती. दिवाळी दिवाळीशेजारी ठेवताच दोन्ही रेघा बहुतेक अंगाला अंग लावून चालू लागल्या. यंदाची किंचित खालीच होती. ते आम्ही झाकले नाही. परंतु निम्म्याने पडली, असे म्हणण्यासारखे त्यात काही उरले नाही. दुकानदारांनी त्या कागदाखाली स्वतःच्या हाताने लिहिले : अधिक मास.

कागदाचा फोटो बेंगळुरूला गेला. मुलगा समंजस आहे. त्याचा दूरध्वनी तिथेच आला आणि त्याने वडिलांना विचारले की संगणकाला तिथी कशी शिकवायची. वडिलांनी फोन आमच्या हाती दिला. आम्हांलाही ते सांगता आले नाही. तोवर ते वृद्ध विक्रेते एका गिऱ्हाइकासमोर इरकली लुगड्याची घडी उलगडून पदर दाखवीत होते. या साऱ्या प्रकरणातले त्यांना काही ठाऊक नव्हते. ते तसेच राहावे, म्हणून आम्ही कागद घडी करून वहीत ठेवला आणि उठलो.